कोंबडीखतातली अँटिबायोटिक्स आणि जमिनीतलं नत्र: खरंच काही बिघडतं का?

नत्रवेडा

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस जवळ आले की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला. "पोल्ट्रीचं खत टाकू नका, त्यात अँटिबायोटिक असतं, जमिनीतले सगळे जिवाणू मरतात, जमीन वांझ होते." वर लाल दिवे, खाली जोडलेले हात. आमच्या प्रयोगशाळेत माती घेऊन येणाऱ्यांनी तो मोबाईलवर दाखवून विचारायला सुरुवात केली, म्हणून म्हटलं एकदाचा धागाच काढू.

मेसेज धडधडीत खोटा असता तर सोपं होतं. त्यात खऱ्याचा अंश आहे.

औषध खतात येतं कसं? शेडमधल्या पाण्यातून किंवा खाद्यातून दिलेलं सगळं औषध कोंबडीच्या अंगी लागत नाही. टेट्रासायक्लिन गट, सल्फा, एन्रोफ्लॉक्सासिन यांचा बराच भाग जसाच्या तसा किंवा थोडा बदलून विष्ठेतून बाहेर पडतो. एन्रोफ्लॉक्सासिनचं तर अंगातच काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, म्हणजे डॉक्टर आपल्याला लिहून देतात तेच. ते शेडमध्ये अंथरलेल्या तुसाच्या गादीत बॅचभर, म्हणजे कोंबड्यांची एक खेप निघेपर्यंत, साचतं. बॅच निघाली की ट्रॉली भरून शेतात.

आता नत्र. कोंबडीच्या विष्ठेत ते मुख्यतः यूरिक आम्लाच्या रूपात असतं. ओल लागली की जिवाणू ते झपाट्याने फोडतात आणि अमोनिया होतो. ताज्या ट्रॉलीवरची ताडपत्री ओढली की डोळ्यांतून पाणी येतं ते यानेच. मातीत त्याचं अमोनियम होऊन ते चिकणमातीला धरून बसतं. मग दुसरी टोळी कामाला लागते: अमोनियमचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारी. बागायती पिकाला बरंचसं नत्र या नायट्रेटच्या रूपात, पाण्याबरोबर मुळाशी येऊन मिळतं. आणि जमीन तुंबली, हवा कोंडली, की तिसरी टोळी नायट्रेट फोडून हवेत सोडते. आधी नायट्रस ऑक्साइड, शेवटी साधा नायट्रोजन.

कुजवण्याच्या कामाला मातीत असंख्य जाती हजर असतात. एक आडवी पडली तर दुसरी उभी राहते. मधल्या टोळीत मात्र मोजकीच घराणी आहेत (नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पिरा वगैरे) आणि ती वाढतात अतिशय सावकाश. कुजवणारे जिवाणू मनासारखं खाणं मिळालं तर तासाभरात दुप्पट होतात, यांना सगळं अनुकूल असूनही अर्धा-एक दिवस लागतो, शेतात त्याहून जास्त. अँटिबायोटिकचा दणका बसला तर तो इथे बसतो, आणि भरून यायलाही इथेच वेळ लागतो. परीक्षानळीत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

पण किती औषधाला? प्रयोगात बऱ्याचदा किलोभर मातीत १० ते १०० मिलिग्रॅम घालतात. शेतात सापडतं ते सहसा मायक्रोग्रॅममध्ये. उत्तर जर्मनीत डुकरांची स्लरी (मलमूत्राचं पातळ खत) टाकल्या जाणाऱ्या एका शेताची मोजणी २००२ साली प्रसिद्ध झाली; तिथे टेट्रासायक्लिन किलोमागे जेमतेम २०० मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम होतं.

आपला हिशोब करून पाहू. समजा, कोंबडीखतात किलोमागे १० मिलिग्रॅम औषध आहे आणि एकरी २ टन खत पसरलं. एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण साडेआठ लाख किलो भरते. म्हणजे किलोभर मातीच्या वाट्याला २४ मायक्रोग्रॅम. पशुऔषधांच्या नोंदणीसाठी युरोप, अमेरिका, जपान यांनी ठरवलेल्या नियमात मातीतला अंदाज १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेला की पुढच्या सविस्तर चाचण्या मागतात. आपण त्याच्या खाली राहतो. एवढ्याने जमीन वांझ होत नाही.

तरी मी निर्धास्त नाही. का ते प्रतिसादांत लिहीन, नाहीतर हा लेखच इतका लांबेल की कोणी वाचणार नाही.

बोदावरचा

छान लिहिलंय, पण हिशोबात एक घोळ आहे. द्राक्षाला आम्ही एकरभर खत कुठे पसरतो? बोदात (वेलींच्या ओळीखालच्या उंच वरंब्यात) चारी घेतो, त्यात खत भरतो आणि माती ओढतो. मुळी तिथेच, ड्रिपची नळीही तिथेच. दोन टन खत एकराच्या फार तर दहाव्या हिश्श्यात जातं. मग तुमचे २४ चे २४० झाले की नाही?

नत्रवेडा

झाले. आणि चारीच्या आत, खताच्या थराला लागून असलेल्या बोटभर मातीत त्याहून कितीतरी जास्त. एकराची सरासरी हा कागदावरचा आकडा. जिवाणू सरासरीत राहत नाहीत, ते त्या बोटभर मातीत राहतात. हा मुद्दा मीच लिहायला हवा होता, तुम्ही आधी पकडलात.

मनीप्लांट

माझ्या गच्चीतल्या कुंड्यांचं काय? नर्सरीवाला पिशवीतून कोंबडीखत देतो.

शंकासुर

दोन शंका. नावाला जागायलाच हवं.

एक, स्ट्रेप्टोमायसिन मिळालं मातीतूनच. १९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात वॅक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झने मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूतून काढलं. टेट्रासायक्लिन गटातलं ऑरिओमायसिनही मातीतलंच, १९४८ साली जाहीर झालं, लेडर्ले या अमेरिकी औषध कंपनीत आपल्या यल्लाप्रगडा सुब्बारावांच्या हाताखाली. कोट्यवधी वर्षं माती हीच औषधं बनवतेय, तर तिला त्यांची भीती कशाची?

दोन, सरकारने २०१५ पासून सगळा युरिया निमकोटेड केला तो कशासाठी? अमोनियमचं नायट्रेट होणं लांबावं म्हणूनच ना? युरियाला निंबोळी तेल लावून आपण मुद्दाम जे करतो, तेच कोंबडीखत फुकटात करत असेल तर तक्रार कसली?

नत्रवेडा

शंकासुरराव, दुसरी शंका भारी आहे. ती आधी घेतो.

नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट होणं, मंदावणं मुळात वाईट नाही. नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपतं, अमोनियम मातीला धरून राहतं. पिकालाही अमोनियम चालतं, भाताला तर तेच आवडतं. त्यामुळे मधली टोळी आठ-पंधरा दिवस सुस्तावली तर पीक उपाशी मरत नाही. फरक असा की डीसीडी, डीएमपीपी यांच्यासारखी नायट्रिफिकेशन रोखणारी रसायनं अमोनियमच्या पहिल्या पायरीवर नेम धरतात. अँटिबायोटिक नेम धरत नाही. ते मधल्या टोळीलाही लागतं आणि तिसरीलाही. तिसऱ्या टोळीत शेवटची पायरी, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा नायट्रोजन करणारं एन्झाइम, सगळ्यांकडे नसतं. ती पायरी अडली आणि आधीच्या चालू राहिल्या, तर वायू अर्ध्यावरच बाहेर पडतो. नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. आता प्रत्येक प्रयोगात हे असंच घडतं असं नाही. काहींत नायट्रस ऑक्साइड वाढला, काहींत तिसऱ्या टोळीचं सगळं कामच (डीनायट्रिफिकेशन) थंडावल्याने तो घटला. औषध कोणतं, माती कोणती, ओल किती, यावर उत्तर पालटतं. निमकोटेड युरियाच्या पिशवीवर मात्रा छापलेली असते. खताच्या ट्रॉलीवर काही छापलेलं नसतं.

पहिली शंका. मातीतले जिवाणू ही औषधं बनवतात ते अतिसूक्ष्म प्रमाणात, आपल्या आसपासच्या कणापुरती. ट्रॉलीभर नाही. आणि सल्फा, एन्रोफ्लॉक्सासिन कोणत्याही जिवाणूने कधी बनवलेली नाहीत, ती रसायनशास्त्रज्ञांची. तरी जिवाणू वस्ताद. कॅनडात ओंटारियोतल्या लंडनजवळ १९९९ पासून त्याच त्या तुकड्यांवर दर वर्षी औषधं टाकत गेले. दशकभराने पाहतात तो सल्फामेथाझिन नव्या मातीपेक्षा तिथे वेगाने फुटतंय. त्या मातीतून सल्फामेथाझिन खाणारा एक मायक्रोबॅक्टेरियमच वेगळा काढला.

मनीप्लांट, पिशवीतलं खत बहुधा वाळवलेलं किंवा कुजवलेलं असतं. कुंडीला मूठभर पुरे. अँटिबायोटिकच्या आधी क्षारांनीच झाड जाईल.

राईनकाठ

इथे जर्मनीत मी मृदाविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून दोन ओळी. सल्फाडायझिनवर इथे मोठं काम झालंय, डुकरांच्या स्लरीत मिसळून. किलोला १०० मिलिग्रॅमला नायट्रिफिकेशन स्पष्ट दबलं, १० ला परिणाम फिका. पुढची गोष्ट जास्त रंजक आहे. अमोनियमचं नायट्राइट करणारे फक्त जिवाणू नसतात, आर्किया नावाचे वेगळ्याच शाखेचे सूक्ष्मजीवही असतात. मातीत ते प्रचंड संख्येने आहेत हे २००६ साली लक्षात आलं. सल्फाडायझिन घातल्यावर जिवाणू घटले, आर्किया फारसे हलले नाहीत, आणि काम त्यांनी सांभाळलं. बहुतेक अँटिबायोटिक्स जिवाणूंच्या यंत्रणेसाठी बनवलेली, आर्कियांची यंत्रणा निराळी. निसर्गाने बदली खेळाडू ठेवलाय म्हणा.

नत्रवेडा

राईनकाठ, धन्यवाद. हे वाचलं होतं. माझी काळजी नेमकी इथूनच सुरू होते.

बदली खेळाडू सगळ्या मैदानांवर खेळत नाही. आर्किया रमतात ते कमी अमोनियमच्या, बऱ्याचदा आम्लधर्मी मातीत. अमोनियमचा पूर आला की काम जिवाणूंकडे जातं. न्यूझीलंडमध्ये कुरणांवर जनावरांच्या मुताच्या डागांत हे तपासलं होतं, २००९ साली प्रसिद्ध झालं: नत्राने भरलेल्या मातीत नायट्रिफिकेशन जिवाणूंच्या जोरावर चालतं, आर्कियांच्या नाही. आता आपल्याकडे बघा. नाशिक-नगर-सोलापूरची काळी चुनखडीयुक्त जमीन, सामू आठच्या आसपास, आणि चारीत भरलेलं कोंबडीखत म्हणजे अमोनियमची खाणच. जर्मनीतला दिलासा आपल्या बोदात तेवढा लागू पडेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या बाजूने आपली काळी माती मदतही करते. टेट्रासायक्लिन कॅल्शियम-मॅग्नेशियमला घट्ट पकडतं. म्हणून तर ती गोळी दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात. चुनखडीच्या मातीत, त्यातून माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या थरांत, ते असं अडकतं की जिवाणूपर्यंत पोचणारा वाटा फार थोडा राहतो. एन्रोफ्लॉक्सासिनही मातीला घट्ट चिकटतं. पण चिकटलेलं म्हणजे संपलेलं नव्हे. ते टिकतं, आणि पुढच्या वर्षीची ट्रॉली त्यात भर घालते. सल्फा उलट: चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली विहिरीकडे निघते. पेनिसिलिन गटाची मला फारशी फिकीर नाही, ती लवकर फुटतात.

गोठ्यातली_आक्का

माझा प्रश्न कोंबडीचा नाही. माझ्याकडे चार गाई आणि एक म्हैस. एकीला कासदाह झाला की डॉक्टर सडात ट्यूब सोडतात, कधी इंजेक्शनही देतात. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही ते सांगतात, ते पाळते. पण शेण-गोमूत्राचं कोणीच काही सांगत नाही. मी त्याच शेणाचं जीवामृत करते. दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती, दोनशे लिटर पाणी. जिवाणू वाढवायला म्हणून करतो ते, आणि त्यात जिवाणू मारायचं औषध?

बोदावरचा

आक्का, हा प्रश्न मी आयुष्यात ऐकला नव्हता. वाचतोय.

गुरांचा_डॉक्टर

आक्का, प्रश्न रास्त आहे आणि आम्ही डॉक्टर मंडळी तो टाळतो हेही खरं. दुधाला आणि मांसाला थांबायची मुदत औषधाच्या लेबलावर छापलेली असते, शेणाला नसते. कारण कायदा खाणाऱ्याचा विचार करतो, जमिनीचा नाही.

सडात सोडलेल्या ट्यूबमधलं औषध बरंचसं दुधावाटे निघतं. त्यातून शेणात येणारा भाग कमी. इंजेक्शनचं ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन मात्र शेणात आणि मुतात उतरतं. सोपा नियम: इंजेक्शन चालू असताना आणि निदान दुधाची मुदत संपेपर्यंत त्या जनावराचं शेण-गोमूत्र जीवामृताला घेऊ नका. पाच जनावरांत एकीचं बाजूला काढणं अवघड नाही. उकिरड्यावर टाका, कुजू द्या.

आणि एक. आजारी गाईचं दूध वासराला पाजायचं किंवा खड्ड्यात ओतायचं, हे दोन्ही बंद करा. ते दूधही शेणखताच्या ढिगात, पसरून.

राईनकाठ

गाईच्या शेणावर अमेरिकेत व्हर्जिनियात काम झालंय. औषध दिलेल्या गाईंचं शेण वारंवार टाकलेल्या जमिनीत सूक्ष्मजीव कार्बन जास्त उडवायला लागले आणि नत्राची वाटणी बदलली. हे २०१९ साली आलं. त्याआधी २०१६ चं एक: टेट्रासायक्लिन दिलेल्या गाईंच्या पोवट्यांतून मिथेन जास्त निघाला. मोठी गोष्ट अशी की यात औषध बाटलीतून मातीत ओतलेलं नव्हतं, गाईच्या पोटातून आलेलं होतं. म्हणजे परीक्षानळीतल्या १०० मिलिग्रॅमचा आक्षेप इथे लागू पडत नाही.

शंकासुर

पोवटा हा शब्द जर्मनीत बसून लक्षात राहिला, जिंकलंत.

लासलगावचा_कांदा

मागच्या रब्बीत लावणीच्या आधी ताजं कोंबडीखत टाकलं. तुसाचं होतं. पात पिवळी पडली, शेंडे करपले. दुकानदार म्हणाला, अँटिबायोटिकने जमिनीतले जिवाणू मेले, हे जिवाणूंचं कल्चर सोडा. एकरी दोन बाटल्या गळ्यात मारल्या. फरक पडला, पण तो बाटलीने की पाण्याने ते देव जाणे.

नत्रवेडा

पाण्याने आणि वेळेने.

दादा, शेंडे करपणं हे अमोनिया आणि क्षारांचं काम. ताज्या खतात दोन्ही भरपूर, आणि कांद्याचं मूळ वरच्या वीतभर मातीत. पिवळेपणाचं दुसरं कारण तूस. तुसात कार्बन भरमसाठ, नत्र नगण्य. तो कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि पीक ताटकळतं. गंमत बघा, हे होतं ते जिवाणू जोरात असल्यामुळे. ते मेले असते तर तूस कुजलाच नसता आणि नत्र अडलंच नसतं. दुकानदाराचं निदान नेमकं उलटं होतं. अँटिबायोटिकच्या नावाने बाटल्या खपवण्याचा हा नवा धंदा मला मेसेजपेक्षा जास्त खटकतो.

शेडवाला

इतका वेळ वाचत होतो. आता आमचीही बाजू ऐका. मी करारावर पोल्ट्री करतो. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, सुपरवायझर येऊन औषध देतो. कोणतं, किती, का, हे विचारलं तर "वाढ चांगली होईल" एवढंच उत्तर. खाद्याच्या गोणीवर बारीक अक्षरात जे असतं ते असतं. शेडमधली एकच गोष्ट पूर्ण माझ्या मालकीची, ती म्हणजे खत. ते विकून बॅचचा लाइटबिल-मजुरीचा खर्च निघतो. तुमच्या धाग्यामुळे गिऱ्हाईक कमी झालं तर मी काय करू?

गुरांचा_डॉक्टर

शेडवाले, राग रास्त आहे. वाढीसाठी औषध देणं युरोपात १ जानेवारी २००६ पासून बंद आहे. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर जनावरांना द्यायला बंदी आली. सुपरवायझरकडे औषधाचं नाव आणि तारीख लेखी मागा. बॅचच्या कार्डावर लिहून घ्या. उद्या तेच कार्ड दाखवून "या बॅचला औषध नव्हतं" म्हणून खत दोन रुपयांनी महाग विकता येईल. हे मी थट्टेने म्हणत नाही.

नत्रवेडा

आणि खत कुजवून विका. औषधं उतरवण्याचा आपल्या हातातला सगळ्यात स्वस्त मार्ग तोच.

पद्धत नवी नाही, फक्त कोणी मनावर घेत नाही. ढीग छातीइतका उंच. ओल इतकी की मूठ आवळली तर हात ओला होईल पण थेंब पडणार नाही. कोंबडीखतात नत्र जास्त, त्यामुळे उसाचं पाचट किंवा काड घालून कार्बन वाढवायचा, नाहीतर अर्धं नत्र अमोनिया होऊन उडेल. आत लोखंडी सळई खुपसून ठेवा. काही वेळाने काढली की हातात धरवली नाही पाहिजे, म्हणजे ५५-६० अंश गाठले. थर्मामीटर असेल तर उत्तमच. ढीग थंडावला की पलटी, बाहेरचं आत. पुन्हा तापला पाहिजे. पलटी मारूनही तापेनासा झाला, वास मातीसारखा यायला लागला, की वापरायला घ्या.

असा तापलेला ढीग टेट्रासायक्लिन आणि सल्फा बऱ्यापैकी उतरवतो. एन्रोफ्लॉक्सासिन-सिप्रोफ्लॉक्सासिन चिवट आहेत, ती कुजवूनही बरीच उरतात. औषध गेलं तरी जिवाणूंमधली त्या औषधाला दाद न देणारी जनुकं जातीलच याची हमी नाही. पण नत्राच्या बाजूने बोलायचं तर कुजवण्याचा दुहेरी फायदा आहे. औषध कमी होतं, शिवाय मोकळं अमोनियमही कमी होतं. म्हणजे चारीत अमोनियमचा पूर आणि औषधाचा थर एकाच वेळी, ही जी वाईट जोडी आहे ती मोडते.

डाळिंबी_सांगोला

विषय निघालाच आहे तर तेल्याचं, डाळिंबावरच्या त्या जिवाणूजन्य रोगाचं बोला. आमच्याकडे वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं. कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर, दर बहाराला. दुकानात स्ट्रेप्टोसायक्लिन मागायचं म्हणजे मीठ मागितल्यासारखं होतं. कोंबडीच्या पोटातून वगैरे नाही, सरळ पंपातून. पानावरून ओघळून आळ्यातच पडतं ना ते?

नत्रवेडा

पडतं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं ते उत्पादन. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लिन. दोन्ही माणसांची औषधं, स्ट्रेप्टोमायसिन तर क्षयाचं. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतला त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मसुदा काढला तो त्यामुळेच, जमिनीच्या काळजीने नव्हे.

आळ्यातल्या मातीचं म्हणाल तर इथे बातमी बरी आहे. अमेरिकेत सफरचंदाच्या बागांत फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगावर स्ट्रेप्टोमायसिन पूर्वापार फवारतात. अशा एका बागेतल्या मातीतली जिवाणूंची रचना तपासली (२०१३ चं काम), फवारलेल्या आणि न फवारलेल्या झाडांखाली फरक सापडला नाही. स्ट्रेप्टोमायसिन धनभारित असतं, चिकणमातीच्या ऋणभारित कणांना चिकटून गप्प बसतं. फवाऱ्यात मात्राही लिटरला अर्धा ग्रॅमच्या आसपास, त्यातलं बरंचसं पानावर.

एक जागा मात्र सांभाळा. आंतरपीक म्हणून हरभरा किंवा मूग घेत असाल आणि बियाण्याला रायझोबियम (मुळांच्या गाठींत नत्र बांधणारा जिवाणू) लावत असाल, तर त्याच बादलीत, त्याच हाताने स्ट्रेप्टोसायक्लिन नको. बियाण्यावर औषध आणि रायझोबियम अंगाला अंग लावून बसतात, तिथे चिकणमाती मध्ये पडायला नसते. रायझोबियमवर काम करणारे लोक स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे वाण मुद्दाम निवडतात, गाठीत नेमका आपलाच जिवाणू बसला हे ओळखायला. साध्या पाकिटातलं रायझोबियम तसं निवडलेलं नसतं.

डाळिंबी_सांगोला

बियाण्याचं माहीत नव्हतं. आम्ही एकाच घमेल्यात सगळं चोळतो.

बोदावरचा

नत्रवेडा, मुद्द्याचं सांगा. माझ्या बोदात नायट्रिफिकेशन अडलंय की नाही हे मला कळणार कसं? माती परीक्षणाच्या अहवालात "उपलब्ध नत्र: कमी" हे तर मी मिसरूड फुटल्यापासून वाचतोय.

नत्रवेडा

त्या अहवालातून नाही कळणार. नेहमीच्या परीक्षणात उपलब्ध नत्र काढतात ते परमँगनेटच्या पद्धतीने, किंवा सरळ सेंद्रिय कर्बावरून अंदाज बांधतात. त्यात अमोनियम किती, नायट्रेट किती, हे वेगळं होत नाही. तुम्हाला दोन्ही स्वतंत्र मागायला हवेत. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात अर्क काढून करतात. कृषी विद्यापीठाच्या किंवा चांगल्या प्रयोगशाळेत विचारा.

अधिकृत चाचणीतही तत्त्व हेच. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २१६ क्रमांकाची चाचणी आहे: मातीत औषध मिसळायचं, ल्युसर्नचं पीठ घालायचं, २८ दिवस ठेवायचं आणि नायट्रेट किती झालं ते औषध नसलेल्या मातीशी ताडायचं. फरक २५ टक्क्यांच्या आत राहिला तर दीर्घ परिणाम नाही असं धरतात. ही २५ टक्क्यांची सूट मला जरा सैलच वाटते, पण तो वेगळा धागा.

तुमच्या बागेत असं करा. एकाच प्लॉटमध्ये दोन ओळींना ताजं कोंबडीखत, दोन ओळींना त्याच शेडचं कुजवलेलं, दोन ओळींना जनावरांचं शेणखत. बाकी ड्रिप, खतं सारखी. चारी भरल्यावर दर आठवड्याला प्रत्येक प्रकारातून खताच्या थरालगतची माती घ्या. अमोनियम आठवड्यागणिक उतरायला हवं आणि नायट्रेट चढायला हवं. ताज्याच्या ओळींत अमोनियम तिथेच ठाण मांडून बसलं आणि नायट्रेट वर येईना, तर काहीतरी अडलंय. तरीही लगेच अँटिबायोटिकवर बोट ठेवू नका. अमोनिया फार झाला तर तो स्वतःच नायट्रोबॅक्टरला दाबतो, नायट्राइट साचतं. म्हणून तर कुजवलेल्याच्या ओळी मध्ये हव्यात. शिवाय शेडवाल्यांसारख्या कोणाकडून औषध दिलेल्या आणि न दिलेल्या बॅचचं खत वेगवेगळं मिळालं तर सोन्याहून पिवळं.

शेडवाला

मिळेल. चालू बॅचला औषध चाललंय, सुपरवायझरकडून नाव लिहून घेतो. पुढची बॅच बिनऔषधाची निघाली तर तीही वेगळी ठेवतो. निफाडच्या आसपास असाल तर ट्रॉलीचं भाडं तेवढं तुमचं.

बोदावरचा

ठरलं. माती नेहमीसारखी सावलीत वाळवून, चाळून आणू ना?

नत्रवेडा

अजिबात नाही! वाळवताना आणि पिशवीत पडल्या पडल्याही जिवाणू काम करतच राहतात, अमोनियमचं नायट्रेट होऊन जातं आणि आपण मोजतो ते पिशवीतलं नायट्रिफिकेशन. ओली माती, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा काढून, बर्फाच्या पेटीत. त्याच दिवशी पोचवा. पिशवीवर ओळ आणि तारीख पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई बर्फाच्या पाण्यात पसरते. आणि येण्याआधी फोन करा, शनिवारी अर्क काढणारा मुलगा सुट्टीवर असतो.